लाइट आली की मशीनला नेट नाही, लाइट गेली की मशीन बंद होत नाही (डेबियन १२)

शाईचेडाग | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. माझा तालुक्याच्या गावी छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. मशीन दोन. एक मागच्या खोलीत, मॉनिटर नसलेलं. त्यात सगळ्या जुन्या फायली, म्हणून आम्ही त्याला 'गोदाम' म्हणतो. दुसरं पुढे 'टेबल', त्यावर मी पत्रिका जुळवतो (छापायच्या, कुंडलीच्या नव्हेत). दोन्हींवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), दोन्ही केबलने राउटरला. टेबलावर गोदामातलं फोल्डर एनएफएसने (नेटवरून फोल्डर वापरायची सोय) माउंट होतं, म्हणजे टेबलाचंच असल्यासारखं जोडलं जातं.

दुखणी दोन आहेत.

पहिलं, लाइट येते तेव्हाचं. लांबची लाइट गेली की यूपीएस रिकामा होतो आणि परत आली की सगळं एकदमच उठतं. गोदाम अर्ध्या मिनिटात तयार. फायबरचा डबा आणि राउटर मात्र आळोखेपिळोखे देत दोन-अडीच मिनिटं घेतात. तोवर गोदामाला आयपी (नेटवरचा पत्ता) मिळत नाही. कधी बऱ्याच वेळाने आपोआप मिळतो, कधी मीच जाऊन बटण दाबून रिबूट करतो. टेबलावर तर पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर रेझ नेटवर्क इंटरफेसेस' अशी ओळ येते आणि शेजारी पाच मिनिटांच्या मर्यादेसह सेकंद पळत राहतात. गिऱ्हाईक समोर उभं.

दुसरं, लाइट जाते तेव्हाचं. यूपीएस किंचाळायला लागला की गोदाम आपलं आपण बंद होतं, ते लावून घेतलंय. मग मी टेबल बंद करायला जातो तर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर एमएनटी/गोदाम', दीड मिनिटाचा आकडा. तो संपायच्या आत बॅटरी संपते. गेल्या महिन्यात दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी एका पत्रिकेची फाइल उघडेना, नवरीकडच्या मामांची नावं परत टंकली. एकोणीस मामा होते.

गोदामाच्या ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये 'अलाउ-हॉटप्लग ईएनपी३एस०' (ईएनपी३एस० हे नेटच्या कार्डाचं नाव) आणि डीएचसीपी (राउटरकडून पत्ता मागून घेणं) आहे, टेबलाच्या फायलीत 'ऑटो' आणि डीएचसीपी. हा फरक कसा आला ते मलाच माहीत नाही.

(आज्ञा नागरीत लिहितोय, इथे रोमन मिसळलं की ओळींचं कडबोळं होतं. मशीनवर अर्थात रोमनच.)

टीझर | सोमवार, रात्री १०.४०

मोठा यूपीएस घ्या. विषय संपला.

शाईचेडाग | सोमवार, रात्री १०.४४

दादा, घेतो. तुम्ही पाठवताय का?

जुनंखोड | सोमवार, रात्री ११.२०

बंद होतानाचं दुखणं जुनं आहे हो. डेबियन ८ च्या आधी, म्हणजे २०१५ पर्यंत, सगळा कारभार इनिट स्क्रिप्टांचा होता. एस ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्टा मशीन उठताना, के ने सुरू होणाऱ्या झोपताना, आणि पुढचा आकडा म्हणजे रांगेतला नंबर. नेटवर्किंगच्या स्क्रिप्टीत एक शहाणपण होतं. बंद करायला सांगितलं की आधी बघायची, कुठलं नेटवर्कवरचं फोल्डर अजून लागलेलं आहे का. असेल तर सरळ नकार: 'नॉट डीकॉन्फिगरिंग नेटवर्क इंटरफेसेस: नेटवर्क फाइल सिस्टम्स स्टिल माउंटेड'. दारात चप्पल दिसली तर कुलूप न लावणाऱ्या वॉचमनसारखी.

तुमच्या टेबलाचं दुखणं त्याच्याही पलीकडचं दिसतंय. तिथे नेट आहे, पण पलीकडचं गोदामच आधी झोपलंय. एनएफएस माउंट मुळात 'हार्ड' असतो. समोरून उत्तर येईपर्यंत तो वाट पाहतो, आणि समोरचा मेलाय हे त्याला कुणी सांगत नाही.

कमांडर | मंगळवार, सकाळी ८.०५

सोपं आहे. एफएसटॅबमध्ये (माउंटांची यादी असलेली फाइल) माउंटला 'सॉफ्ट' टाका, आणि बूट होताना जी 'वेट-ऑनलाइन' नावाची सेवा अडते ती मास्क करून टाका, म्हणजे चालूच होऊ देऊ नका. माझं मशीन ९ सेकंदांत उठतं.

नेटकी | मंगळवार, सकाळी ९.३०

कमांडर, दोन्ही सल्ले घातक आहेत, रागावू नका. 'सॉफ्ट' म्हणजे काही वेळा प्रयत्न करून माउंट हात वर करतो आणि प्रोग्रामला चूक कळवतो. प्रोग्रामने ती नीट पाहिली नाही तर फाइल अर्धी लिहिलेली राहते. एकोणीस मामांचं तेच होईल, फक्त लवकर होईल. आणि वेट-ऑनलाइन मास्क केलं की नेट येण्याआधी सगळ्या सेवा 'नेट आलं' असं समजून धावतात. तुमच्या लॅपटॉपवर काही बिघडत नाही कारण तिथे नेटवर अवलंबून काही नाहीच.

शाईचेडाग, तुमच्या दोन दुखण्यांचं मूळ एक आहे. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी 'ऑटो' आणि 'अलाउ-हॉटप्लग'. 'ऑटो' म्हणजे बूट होताना नेटवर्किंग सेवा 'इफअप' ला (कार्ड चालू करून पत्ता लावणारी आज्ञा) सगळ्या ऑटो वाल्यांची यादी देते आणि ते काम संपेपर्यंत थांबते. डीएचसीपी असेल तर राउटरच्या उत्तराची वाट पाहणं त्यातच आलं. तुमच्या पडद्यावर पळणारे सेकंद ते हेच. 'अलाउ-हॉटप्लग' म्हणजे कर्नलला कार्ड दिसलं की यूडेव्ह (हार्डवेअरवर नजर ठेवणारी सेवा) ते उठवतं, आणि बाकीचं बूट त्याच्यासाठी खोळंबत नाही. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो: हॉटप्लग म्हणजे कार्ड दिसणं. केबल खोचणं किंवा पलीकडे राउटर जिवंत होणं याच्याशी त्याचा संबंध नाही. डेबियनचा इन्स्टॉलर बऱ्याचदा हॉटप्लगच लिहितो, ऑटो कुणीतरी नंतर हाताने केलेलं असतं. तुमच्याकडे मशीन कुणी बसवून दिलं असेल त्याला विचारा.

म्हणून गोदामाला डीएचसीपी नकोच. ज्याच्याकडे इतरांनी यायचं त्याचा पत्ता पक्का हवा. असं लिहा:

ऑटो ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक
अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१०/२४
गेटवे १९२.१६८.१.१

राउटरच्या डीएचसीपी वाटपाबाहेरचा आकडा घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलला तोच पत्ता मिळेल. आता राउटर झोपलेला असला तरी गोदाम कुणाची वाट न बघता पत्ता लावून मोकळं होईल. एक खाचखळगा: 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) अशी ओळ खाली लिहिलेली दिसते जिकडेतिकडे. रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज बसवलेलं नसेल तर ती नुसती शोभेची. ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये नेमसर्व्हर हाताने लिहा. टेबलालाही असाच पक्का पत्ता द्या, म्हणजे तिथला आकडाही पळायचा थांबेल.

आता क्रम. सिस्टमडीत (इनिट स्क्रिप्टांच्या जागी आलेला, सेवा चालू-बंद करणारा कारभारी) 'नेटवर्क.टार्गेट' नावाची एक खूण आहे. नावावरून वाटतं की ती आली म्हणजे नेट आलं. तसं नाही. चालू होताना तिला फारसा अर्थ नाही. नेट सांभाळणारी सेवा सुरू झाली, एवढंच ती सांगते. (तुमच्या इफअपडाउनमध्ये, म्हणजे इंटरफेसेस फाइल वाचणाऱ्या पॅकेजात, ऑटो असेल तर सेवा काम संपेपर्यंत थांबते, म्हणून नेट खरंच आलेलं असतं. लोकांची फसगत होते ती त्यामुळेच.) नेट खरोखर लागलंय याची खूण वेगळी, 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट'.

मग नेटवर्क.टार्गेट कशाला? बंद होण्यासाठी. सिस्टमडी बंद होताना चालू होण्याचा क्रम उलटा चालवतं. तुम्ही एखाद्या सेवेच्या फायलीत 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' लिहिलंत, की ती सेवा नेट जाण्याच्या आधी बंद होणार. मांडवाचं बघा ना. आधी खांब, मग कापड. उतरवताना आधी कापड, मग खांब; हे मांडववाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या मशीनवर हाताने लिहिलेली कुठली सेवा आहे का? तिच्यात ही ओळ नसेल तर बंद होताना ती कुठेही मध्येच लटकणार.

एनएफएसच्या माउंटला हा क्रम सिस्टमडी स्वतःच लावतं. एफएसटॅबमध्ये प्रकार एनएफएस किंवा सीआयएफएस (विंडोजच्या शेअर फोल्डरांची पद्धत) दिसला की त्याला कळतं की हे नेटवरचं आहे. 'अंडरस्कोर-नेटडेव्ह' लिहावं लागतं ते आयस्कझीवरून (नेटवरून अख्खी डिस्क देण्याची पद्धत) आलेल्या डिस्कसारख्या ठिकाणी, जिथे प्रकार साध्या डिस्कसारखा ईएक्सटी४ दिसतो आणि डिस्क नेटवरची आहे हे ओळखायला काही मार्ग नसतो.

थोडक्यात टेबलाच्या पोटातला क्रम ठीक आहे. बिघडलाय तो दोन मशीनांमधला क्रम. तो सिस्टमडी लावू शकत नाही, त्याला शेजारचं मशीन दिसत नाही.

घोडके_सर | मंगळवार, सकाळी १०.१०

उत्तम लिहिलंय नेटकीताई. भर घालतो. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये घरगुती राउटर नव्हता, मॅनेज्ड स्विच होता आणि तरीही मशीनांना बूटच्या वेळी आयपी मिळत नसे. कारण स्पॅनिंग ट्री, म्हणजे तारांचं वेटोळं होऊ नये म्हणून स्विच घेतो ती खबरदारी. पोर्ट जिवंत झाला की स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच वाहतूक सोडतो. ही ३० सेकंदं मशीनच्या दृष्टीने केबल लागलेली, दिवा हिरवा, पण पलीकडे शुकशुकाट. मशीनं एसएसडीवर नेली आणि हा त्रास सुरू झाला, आधी बूटच इतकं संथ होतं की कळायचंच नाही. मशीनकडे जाणाऱ्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सोय) लावला आणि मिटलं.

शाईचेडाग | मंगळवार, रात्री ९.०५

ताई, चहा दोन कप झाला. गोदामाला पक्का पत्ता दिला, रिबूट केलं, एक नंबर चाललं. मग दुकान बंद करता करता पेटी उघडलीच आहे म्हणून तिच्यात नवीन एनव्हीएमई डिस्क बसवली, पडून होती. आता गोदाम नेटवर दिसतच नाही! मॉनिटर लावून पाहिलं तर 'ईएनपी३एस० सापडत नाही' म्हणतंय. कार्ड तेच, केबल तीच.

नेटकी | मंगळवार, रात्री ९.२०

'आयपी लिंक' चालवून बघा. ईएनपी४एस० दिसेल.

शाईचेडाग | मंगळवार, रात्री ९.२२

दिसलं!! हे कसं ओळखलंत?

जुनंखोड | मंगळवार, रात्री ९.४५

त्या नावात पत्ता आहे म्हणून. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआयचा बस क्रमांक ३, एस० म्हणजे खाचेचा क्रमांक ०. तुम्ही नवीन डिस्क बसवलीत, तिने बसमध्ये जागा घेतली, कार्ड एक घर पुढे सरकलं. रेल्वेत मध्ये एक डबा जोडला की तुमचा सहावा डबा सातवा होतो, तसं.

पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ अशी सुटसुटीत नावं होती, पण दोन कार्डं असली की कोण आधी उठलं त्यावर नाव ठरायचं. म्हणून २०१३ च्या सुरुवातीला सिस्टमडी १९७ मध्ये ही 'न बदलणारी' नावं आली, डेबियनने २०१७ ला ९ व्या आवृत्तीत घेतली. न बदलणारी म्हणे! एक डिस्क बसवली की बदलतात. मला अजूनही ईटीएच० च बरं वाटतं, पण माझं कोण ऐकतंय.

नेटकी | मंगळवार, रात्री १०.००

काका, दोन कार्डांच्या फायरवॉलवर बाहेरची बाजू आणि आतली बाजू एका सकाळी अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. नवीन नावं परवडली.

शाईचेडाग, कायमचा उपाय: ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये '१०-लॅन०.लिंक' नावाची फाइल करा. 'मॅच' खाली 'मॅकअ‍ॅड्रेस=' आणि तुमच्या कार्डाचा मॅक (कार्डाचा स्वतःचा क्रमांक), 'लिंक' खाली 'नेम=लॅन०'. मग इंटरफेसेस फायलीत ईएनपी४एस० च्या जागी लॅन०. नाव मुद्दाम ईटीएच० ठेवू नका, कर्नलच्या स्वतःच्या नावांशी झटापट होते. शेवटी 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवायला विसरू नका, कारण या लिंक फायली बूटच्या सुरुवातीच्या छोट्या प्रतिमेतही जातात, आणि तिथे जुनीच राहिली तर तुम्ही तासभर डोकं खाजवत बसाल.

बॅटरीबाबा | मंगळवार, रात्री ११.१५

लाइट जाण्याच्या भागाकडे वळू का? गोदाम आपलं आपण बंद होतं म्हणता, म्हणजे एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवून मशीन बंद करणारं सॉफ्टवेअर) लावलंय ना? यूपीएसची यूएसबी गोदामालाच असेल.

मग टेबलावरही एनयूटीचं अपसमॉन बसवा. गोदाम 'प्रायमरी', टेबल 'सेकंडरी'. बॅटरी शेवटाला आली की प्रायमरी आधी सेकंडऱ्यांना सांगतं, 'निघा', आणि त्या जाईपर्यंत स्वतः थांबतं. या थांबण्याला 'होस्टसिंक' म्हणतात, मुळात १५ सेकंद. म्हणजे दोन मशीनांमधला जो क्रम नेटकीताई म्हणाल्या तो इथे लागतो.

पण यात एक मेख आहे. सेकंडरी निरोप घेते ती बंद व्हायला सुरुवात करताना. पूर्ण बंद झाल्यावर सांगायला ती उरतच नाही. प्रायमरीला वाटतं गेली, आणि ते 'फायनलडिले' एवढं, मुळात ५ सेकंद, थांबून स्वतः आवरायला घेतं. टेबलावर मोठी फाइल सेव्ह होत असेल तर ५ सेकंदांत माउंट सुटणार नाही आणि तुम्ही परत दीड मिनिटाच्या आकड्यासमोर. म्हणून गोदामावर फायनलडिले वाढवा, ३०-४० करा. बॅटरीत तेवढा जीव आहे का ते आधी पाहा.

आणि हा सगळा निरोप जातो नेटवरून. राउटर यूपीएसवर आहे का? नसेल तर लाइट गेल्या क्षणी दोन मशीनांमधली तारच तुटते, मग सांगणार कोण आणि ऐकणार कोण.

शाईचेडाग | बुधवार, सकाळी ७.५०

राउटर यूपीएसवर आहे असं मी इतके दिवस समजत होतो. आत्ता वाकून वायरीचा माग काढला. यूपीएसवर फायबरचा डबा आहे. राउटर भिंतीच्या साध्या बोर्डात आहे. आणि यूपीएसच्या चौथ्या भोकात देवघरातली माळ आहे.

टीझर | बुधवार, सकाळी ७.५८

म्हणजे लाइट गेली की बाप्पा ऑनलाइन, छापखाना ऑफलाइन.

सातासमुद्रापार | बुधवार, सकाळी ८.३०

थोडं अवांतर. आईबाबांच्या घरी असंच एक मशीन आहे, मी इथून लांबून ते 'वेक ऑन लॅन' ने उठवते (घरातल्या रास्पबेरी पायवरून पाकीट पाठवून). रिबूटनंतर चालतं, पण पूर्ण बंद केल्यावर उठत नाही. याचा इंटरफेस बंद होण्याशी संबंध आहे का?

जुनंखोड | बुधवार, सकाळी ९.१०

आहे. मशीन बंद झालं तरी कार्डाला थोडी वीज मिळत राहावी लागते आणि ते 'जी' स्थितीत सोडावं लागतं, म्हणजे ते जादूच्या पाकिटाची वाट पाहतं: ६ वेळा एफएफ, मग १६ वेळा स्वतःचा मॅक. इंटरफेसच्या ओळींखाली 'पोस्ट-अप' ने 'ईथटूल -एस' ची ओळ घाला, डब्ल्यूओएल जी, म्हणजे प्रत्येक बूटला लागेल. तरी नाही उठलं तर बायोसमध्ये ईआरपी नावाची वीजबचत बंद करा, ती कार्डाची वीजच तोडते. बाकी वेगळा धागा काढा, सांगतो.

कमांडर | बुधवार, दुपारी १.४०

नेटकी, सॉफ्टचं पटलं. एक विचारतो. सर्व्हरला एसएसएचने (लांबून लॉगिन करून) रिबूट दिलं की माझी खिडकी काही वेळा गोठते, टर्मिनल मारावं लागतं. हे पण क्रमाचंच का?

नेटकी | बुधवार, दुपारी २.१५

अगदी तेच! नेट आधी गेलं आणि तुमचं सत्र बंद करायचं राहून गेलं, त्यामुळे 'संपलं' हा निरोप तुमच्यापर्यंत आलाच नाही. त्या सर्व्हरवर 'लिबपाम-सिस्टमडी' हे पॅकेज बसवलेलं नसणार, किमान इन्स्टॉलमध्ये ते सुटतं. ते असलं की तुमचं लॉगिन सिस्टमडीच्या लेखी एक वेगळं सत्र होतं, आणि सत्रं ज्या सेवेच्या मागे रांगेत आहेत तिच्यावर आफ्टर=नेटवर्क.टार्गेट लिहिलेलं असतं. उलट्या क्रमात आधी सत्र मरतं, मग नेट.

शाईचेडाग | शुक्रवार, रात्री ८.३०

हिशेब देतो. राउटर यूपीएसवर, माळ भिंतीवर (आईने दोन दिवस अबोला धरला होता). गोदाम लॅन० नावाने, पक्क्या पत्त्यावर. टेबलालाही तसाच. फायनलडिले ४०. टेबलाच्या एफएसटॅबमध्ये नेटकीताईंनी व्यनिवर (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' आणि 'नोफेल' घातलं. आता फोल्डर उघडेपर्यंत माउंटच होत नाही, त्यामुळे टेबल आधी उठलं आणि गोदाम मागून आलं तरी बूट अडत नाही.

आज दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा मेन स्विच पाडला. बॅटरी शेवटाला यायला सात मिनिटं. टेबल अकरा सेकंदांत गप्प, स्टॉप जॉबची ओळ दिसली नाही. गोदाम त्यानंतर पाऊण मिनिटाने. स्विच वर केला. गोदाम उठलं, टेबल उठलं, राउटर अजून डोळे चोळत होता, फायबरचा डबा लाल. राउटरच्या मागचे स्विचवाले दिवे लागले तसं टेबलावर गोदाम उघडलं. इंटरनेट यायला अजून दीड मिनिट होतं पण पत्रिकेला इंटरनेट कशाला लागतंय.

एकच राहिलं. 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' मध्ये गोदामावर नेटवर्किंग सेवेला अजून ४ सेकंद दिसतात. पक्का पत्ता असून इतका वेळ कशाला?

नेटकी | शुक्रवार, रात्री ८.५५

इंटरफेसेस फायलीत खाली 'आयनेट६ ऑटो' (आयपीव्ही६ चा पत्ता आपोआप घेणारी) अशी ओळ राहिली आहे का बघा. ती असेल तर राउटरच्या घोषणेची वाट पाहिली जाते, आणि तुमचा राउटर तेव्हा झोपलेला असतो.

शाईचेडाग | शुक्रवार, रात्री ९.०२

आहे. काढली. १ सेकंदाच्या आत.